गाडी चालवायची की दाखवायची?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



'शाळा सुटल्यानंतर मी काय शिकले' या विषयावर प्रत्येकाने पंधरा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी कळवलं होतं. मी उत्तरात लिहिलं, "मी टायरबद्दल बोलणार." पाच मिनिटांत फोन आला. "टायर म्हणजे, थकवा या अर्थाने?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. गाडीचे टायर. काळे, गोल." सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने संगणक सोडून टायरवर का बोलावं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. तरी वेळ दिला, त्याबद्दल आभार.

विषय मी निवडला असला तरी सुरुवात तुम्हीच केली. संमेलनाच्या ग्रुपवर तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी आपल्या निरोप समारंभाचा फोटो टाकला. त्यात शाळेच्या फाटकाशी माझ्या बाबांची पद्मिनी उभी आहे, बॉनेटला टेकून आपण सात मुली, आणि गाडीच्या चाकांवर पांढरेशुभ्र पट्टे. लगेच ठरलं की बाईंना त्याच गाडीतून आणायचं. आणि पुढचा आग्रह, "टायर तसेच पांढऱ्या पट्ट्यांचे पाहिजेत हं! नाहीतर मजा नाही." आज सकाळी बाई त्याच गाडीतून आल्या. टायर मात्र काळे आहेत. पट्टा दिसतोय तो कसला, ते शेवटी सांगते. "खरे व्हाइटवॉल का नाही लावले?" हे आतापर्यंत नऊ जणांनी विचारून झालंय. हे भाषण म्हणजे त्या नऊ जणांना एकदाच दिलेलं उत्तर.

आधी गाडीबद्दल थोडं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली. मूळची फियाट अकराशे. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. आमची १९७५ ची. बाबांनी ती १९८३ मध्ये जुनीच घेतली होती. यंदा तिला पन्नास वर्षं झाली. पन्नाशी म्हटल्यावर घरात पहिली सूचना आली ती 'व्हिंटेज' नंबर घेण्याची. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अट अशी की ती गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मी ती घेतली नाही. आमची गाडी आठवड्यातून तीन-चार दिवस चालते. आईला फिजिओथेरपीला नेते, बर्डीवर भाजी आणायला जाते. आईला उंच गाड्यांमध्ये चढता येत नाही, आणि पद्मिनीच्या सीटवर ती आपली आपण बसते. म्हणजे ही गाडी माझ्याकडे हौसेची आहे तशीच गरजेचीही आहे, आणि मागच्या सीटवर ऐंशीच्या घरातली आई असते. टायरचा सगळा विचार इथून सुरू होतो.

आता चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०२२ मध्ये, भाचीच्या लग्नात वरातीला पद्मिनी काढायची ठरली. तेव्हाही तोच फोटो, तोच हट्ट. गाडीला त्याआधी एका दुकानातून 'वापरलेच नाहीत' म्हणून मिळालेले रेडियल टायर लावले होते. नक्षी पूर्ण, रबरावरचे बारीक केससुद्धा तसेच. मी पांढऱ्या रबरी रिंगा मागवल्या. टायर आणि रिम यांच्यामध्ये ही रिंग अडकवायची आणि वरून हवा भरायची. बाहेरून बघणाऱ्याला अस्सल व्हाइटवॉल वाटतो. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! लग्न झालं, पाहुणे गेले, रिंगा तशाच राहिल्या. काढाव्यात असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

चार-साडेचार महिन्यांनी आईला रामटेकला नेत होते. कामठी, कन्हान मागे पडलं आणि मागून बारीक खरखर ऐकू यायला लागली. मनसरच्या फाट्यावर एका पंक्चरवाल्या काकांकडे थांबले. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, रिंगच्या कडेत बोट घालून थोडी वर उचलली आणि मला बोलावलं. आत वाळू होती. बारीक, ओली, पॉलिश पेपरवर असते तशी. आणि त्या वाळूने टायरच्या बाजूला गोल चर पडला होता, इतका खोल की आतले धागे दिसत होते. मग त्यांनी रिंग पूर्ण काढली. खाली चार आकडे होते : २३११. म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. माझे 'वापरलेच नाहीत' टायर अकरा वर्षांचे होते, आणि ती तारीख मी स्वतःच पांढऱ्या रिंगखाली झाकून ठेवली होती.

काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, गाडी चालवाची आहे का दाखवाची आहे? दाखवाची असन तं राहू द्या. चालवाची असन तं हे काढून फेका."

रामटेकचं दर्शन त्या दिवशी झालं नाही. स्टेपनी लावून, चाळीसच्या वेगाने आम्ही परत आलो. आई मागे शांत बसली होती. तिला मी पंक्चर एवढंच सांगितलं. तो टायर हायवेवर फुटला असता तर काय झालं असतं, याचं गणित मी त्या रात्री केलं नाही. दुसरं गणित मात्र केलं. आमच्या पद्मिनीचं चाक एका फेरीत साधारण एक मीटर एकोणनव्वद सेंटिमीटर जातं. नागपूर ते रामटेक पन्नास किलोमीटर. म्हणजे एका वाटेला चाकाच्या सव्वीस हजारांवर फेऱ्या. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो त्याची बाजू दबते, फुगते, पुन्हा सरळ होते, प्रत्येक फेरीत एकदा. रेडियल टायरची बाजू तर मुद्दामच मऊ ठेवलेली असते. ती हलते, वरची रिंग तशी हलत नाही, आणि मध्ये वाळू. सव्वीस हजार वेळा पॉलिश पेपर घासल्यावर लोखंडही झिजेल. यात रिंग बनवणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

बाई, तुम्ही गणितात उत्तर बरोबर असूनही एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापत होतात. त्या रात्री मला तुमची आठवण आली. मी टायरचं फक्त 'उत्तर' पाहिलं होतं, म्हणजे नक्षी. बाकी काहीच वाचलं नव्हतं. टायरच्या बाजूवर सगळं लिहिलेलं असतं. ते वाचायला मी तेव्हापासून शिकले, आणि आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

पहिलं, माप. जुन्या पद्मिनीवर '५.२०-१४' हे माप असायचं. रुंदी ५.२० इंच, रिम चौदा इंची. हे क्रॉसप्लाय टायर, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांवर आडवे. आजचे बहुतेक टायर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा. आज १६५/८० आर १४ हे माप सहज मिळतं, पहिल्या स्विफ्टवर होतं तेच. गणित सोपं आहे. १६५ मिलिमीटर रुंदी, तिचे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर उंची. वर आणि खाली मिळून २६४. मध्ये चौदा इंचांची रिम, म्हणजे ३५६. सगळं मिळून टायरचा व्यास ६२० मिलिमीटर. मी जुन्या टायरवर खडूने खूण केली, अंगणात गाडी एक फेरी ढकलली आणि टेपने मोजलं. एक मीटर शहाऐंशी. नवीन टायर लावून पुन्हा मोजलं. एक मीटर एकोणनव्वद. दीड टक्क्याचा फरक. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी एकसष्टने जात असेल, एवढंच. पण माप कागदावर जुळलं म्हणून थांबू नका. आपल्या रिमच्या रुंदीला तो टायर चालतो का, हे कंपनीच्या तक्त्यात पाहा. आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, मागे माणसं बसवून, टायर कुठे घासत नाही ना हे तपासा.

दुसरं, भार आणि वेग. मापानंतर '८५ टी' असं काहीतरी असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजन चालतं, 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. पद्मिनी रिकामी जेमतेम नऊशे किलोची, त्यामुळे तिला हे पुरून उरतं. पण अॅम्बेसेडर, जीप किंवा कुणाकडे जुनी मोठी अमेरिकन गाडी असेल तर केवळ दिसायला बरा म्हणून हलक्या गाडीचा टायर तिला लावू नका. जवळच आयएसआयची खूण आणि 'आयएस १५६३३' हा आकडा पाहा. बाहेरून मागवलेल्या टायरबाबतही हे विचारा.

तिसरं, तारीख. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्याला नमस्कार करा आणि झाडाभोवती कुंडी करा. रबर नुसतं ठेवूनही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन त्याला कडक करतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावं आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही कोरी असली तरी बदलावं, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. जुन्या गाड्यांचा धोका इथेच आहे. त्या कमी चालतात, नक्षी झिजत नाही, आणि आपल्याला टायर नवा वाटतो. आपण नागपुरात राहतो, जिथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आपल्याकडे मी दहा वर्षं थांबत नाही, सात वर्षांत बदलते. नक्षीची कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आणि जुन्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कापून विकणारे असतात, त्यांच्यापासून लांब राहा. खाच खोल दिसते, पण खालचं रबर तेवढंच गेलेलं असतं.

चौथं, जोडी. एका अॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीही लावू नका. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय तर मुळीच नको. वळणावर पुढची चाकं घट्ट धरतात आणि मागची सोडतात. मग गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. चारही सारखे घ्या, स्टेपनीसकट पाच. जुन्या रिमला ट्यूब लागत असेल तर ट्यूब रेडियलला चालणारी आणि त्याच मापाची घ्या, आणि टायर बदलताना ट्यूबही नवी टाका.

पाचवं, हवा. पद्मिनीच्या जुन्या पुस्तकातला आकडा क्रॉसप्लायसाठी आहे. रेडियलला काही पाउंड जास्त लागतात. नेमकं किती, ते टायरच्या तक्त्यावरून आणि गाडीच्या वजनावरून ठरवा. आणि हवा सकाळी, गाडी काढण्याआधी बघा. सरांनी आपल्याला वायूचे नियम शिकवले होते ते इथे उपयोगी पडतात. सकाळी २८ अंशांना २८ पाउंड हवा भरली आणि दुपारी डांबरावर टायर ६५ अंशांना गेला, तर दाब सव्वातेहतीस होतो. तो वाढलेला दाब बघून लोक हवा कमी करतात. मग कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि ताप हाच टायरचा शत्रू. गेजसुद्धा तपासून घ्या. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं? देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. माझा स्वतःचा गेज चार पाउंडांनी खोटा निघाला. मी वर्षभर त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

आता येऊ पांढऱ्या पट्ट्याकडे.

रबराचा चीक पांढरा असतो हे आपल्याला माहीत आहे. पहिल्या मोटारींचे टायरही फिकट रंगाचेच होते, त्यात जस्ताची पांढरी भुकटी असायची. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळायला लागले, कारण त्याने रबर कितीतरी पटींनी चिवट होतं आणि उन्हालाही टिकतं. आधी ती फक्त नक्षीच्या भागात घालत, बाजू पांढरीच राहायची. म्हणजे पांढरी बाजू हा मुळात थाट नव्हता, जुन्या पद्धतीचा उरलेला भाग होता. थाट पुढे अमेरिकेने केला. तिथे १९५० च्या दशकात पट्टे रुंद होते, १९६२ च्या सुमारास ते बारीक झाले.

खऱ्या व्हाइटवॉलमध्ये पांढरं रबर टायर कच्चा असतानाच त्याच्या बाजूत घालतात. त्यात काजळीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड असतं. काळ्या रबरातली रसायनं झिरपून पांढऱ्याला पिवळट डाग पडू नयेत म्हणून मध्ये वेगळा थर असतो. सगळं एकत्र साच्यात भाजलं जातं. वर पातळ काळा थर असतो, तो कारखान्यात घासून काढला की पांढरं दिसतं. हे समजलं की पुढचं आपोआप कळतं. साध्या काळ्या टायरची बाजू ग्राइंडरने घासून पांढरं निघत नाही, फक्त टायरची ताकद निघून जाते. हे काम करून देणारे भेटतात. त्यांना करू देऊ नका.

मग रोज चालणाऱ्या गाडीला पांढरा पट्टा हवाच असेल तर? माझ्या हिशेबाने सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कारखान्यात तयार झालेला व्हाइटवॉल रेडियल. असे टायर परदेशात जुन्या गाड्यांसाठी आजही बनतात. माप, भार, तारीख या तिन्ही गोष्टी लेखी मागवा आणि पैसे देण्याआधी तारखेचा फोटो मागा. बोटीतून येईपर्यंत आणि गोदामात पडून टायरचं आयुष्य कमी होत असतं. दुसरा उपाय म्हणजे चांगल्या रेडियलवर नंतर पांढरं रबर उष्णतेने पक्कं बसवणं. परदेशात हे काम करणारे कारखाने आहेत. तिथे टायरचं मूळ माप आणि त्यांची स्वतःची हमी, दोन्ही विचारा. तिसरा, व्हाइटवॉल क्रॉसप्लाय. गाडी अगदी मूळ रूपात हवी, रॅलीपुरतीच काढायची, वेग कमी, तर तो शोभतो. पण पावसात त्याची पकड आणि थांबायचं अंतर रेडियलइतकं चांगलं नसतं, आणि रस्त्यावरच्या लांब चिरांमागे तो भरकटतो. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांच्या सांध्यांवर हे चांगलंच जाणवतं.

चौथा, रंग. टायरसाठीचा लवचिक रंग टायरला सहसा इजा करत नाही. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट वापरू नका, त्यातला पातळ करायचा द्रव रबराला मानवत नाही, आणि रंग वाळून तडकतो. कोणताही रंग बारीक भेगा झाकतो, हे लक्षात ठेवा. पाचवा, रिंगा. त्यांच्याबद्दल मनसरचे काका बोललेच आहेत. वरातीपुरत्या लावल्या, गाडी हळू चालवली, दुसऱ्या दिवशी काढल्या, इतपत ठीक. त्याहून जास्त नाही.

खरा व्हाइटवॉल असला तर तो साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. रॉकेल, पेट्रोल, ब्लीच नको. गाडी सावलीत ठेवा. धुताना टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवा. फुगा, चीर, रुतलेला खिळा, सगळं अंगठ्याला आधी कळतं.

मी काय केलं? आमच्या मापाचे, ताज्या तारखेचे खरे व्हाइटवॉल मला वेळेत मिळाले नाहीत. मग मी साधे काळे रेडियल घेतले, पाच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी आठवा. शेवटच्या गाडीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. अर्धं शतक त्या गाड्यांनी मुंबई वाहिली ती काळ्या टायरवरच. आमचे टायर चौदाव्या आठवड्यातले आहेत, यंदाचेच. समृद्धीवर आम्ही जात नाही, पन्नास वर्षांच्या ब्रेकला ते झेपणार नाही. रामटेकला मात्र गेल्या महिन्यात जाऊन आलो. आईने दर्शन घेतलं.

आता त्या फोटोबद्दल. तो ग्रुपवर आल्यावर मी आईला दाखवला आणि विचारलं, "बाबांनी तेव्हा व्हाइटवॉल कुठून आणले होते गं?" आई हसायला लागली. म्हणाली, "कसले व्हाइटवॉल? सफेदा होता तो. घराच्या खिडक्यांचा उरलेला. दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी लावायचे. त्या वर्षी तुझ्या निरोपाला पुन्हा लावला होता."

तीस वर्षं मी ज्या पट्ट्यांसाठी हळहळत होते ते सफेद्याचे होते. मी आत्ताच सांगितलं की ऑइल पेंट लावू नका, आणि माझ्या बाबांनी तेच केलं होतं! पण आई पुढे जे बोलली ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "रंग लावायच्या आधी सबंध सकाळ ते टायर धुवायचे. आम्ही हाका मारून दमायचो, जेवण गार व्हायचं. एकेक खाच काडीने साफ करायचे. एकदा त्यात खिळा सापडला होता, एकदा चीर. तो टायर त्यांनी त्याच दिवशी बदलला, आणि त्या दिवाळीला स्वतःला कपडे घेतले नाहीत."

बाबांचा पट्टा आणि माझी रिंग, दोन्ही पांढरेच. बाबा पट्टा लावायचा म्हणून टायर बघत होते. मी रिंग लावली आणि टायर बघायचा सोडला. सॉफ्टवेअरमध्येही मी हे बरेचदा पाहिलंय. स्क्रीन सुंदर झाली की आतलं कुणी उघडून बघत नाही, आणि बिघाड तिथेच असतो. ऑफिसमध्ये हे मी दुसऱ्यांना सांगत होते. स्वतःच्या घराच्या अंगणात मात्र विसरले.

तर आज सकाळी मी टायर धुतले. काडीने खाचा साफ केल्या. अंगठा फिरवला, हवा बघितली, तपासून घेतलेल्या गेजने. आणि मग खडूचा एक डबा घेतला, आपल्या शाळेत असायचा तसलाच साधा पांढरा खडू, पाण्यात बुडवून चारही टायरवर पट्टे काढले. बाई गाडीत बसताना खाली वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "खडू आहे ना गं हा?" बाईंपासून खडू लपत नाही. संध्याकाळपर्यंत पुसला जाईल. खाली तारीख वाचता येते, ते महत्त्वाचं.

एक शेवटचं. तुमच्याकडे जुनी गाडी नसेल. पण पार्किंगमध्ये तुमच्या ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांच्या टायरवरही ते चार आकडे आहेत, आणि तुमच्याही मागच्या सीटवर कुणीतरी बसणार आहे. जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत. मी गेज घेऊन फाटकापाशी उभी असेन. या, बघून घेऊ.